लहान सुरय की सॉन्डर्सचा सुरय? किनाऱ्यावर भटकणाऱ्यांसाठी

खाजणकर
मे महिना लागला की पक्षीवाल्यांच्या प्रत्येक ग्रुपवर एक फोटो हमखास येतो. ओल्या वाळूवर बसलेला मूठभर पांढरा पक्षी, पिवळी चोच, चोचीच्या टोकाला काळं, कपाळ पांढरं. लोक खाली भराभर 'लिटल टर्न', म्हणजे लहान सुरय, लिहून मोकळे होतात. मग कोणीतरी उशिरा उगवतो, 'सॉन्डर्सही असू शकतो हं' अशी पुडी सोडतो आणि रात्रभर धुमश्चक्री चालते. दरवर्षी तेच मुद्दे नव्याने टंकण्यापेक्षा एकदाच इथे मांडून ठेवतो. खोडायचं ते खुशाल खोडा.

आधी मंडळींची ओळख. लहान सुरय, म्हणजे स्टर्न्युला अल्बिफ्रॉन्स, युरोपपासून ऑस्ट्रेलियापर्यंत पसरलेला आहे. आपल्याकडे तो समुद्रावर दिसतो, मिठागरांत दिसतो, आणि उत्तरेत गंगा-यमुनेच्या पात्रातल्या वाळूवर अंडीही घालतो. सॉन्डर्सचा सुरय, स्टर्न्युला सॉन्डर्सी, मात्र खाऱ्या पाण्याला धरून राहणारा. तांबडा समुद्र, सोमालिया, अरबस्तानचा किनारा, इराणचं आखात, कराची, गुजरात आणि खाली श्रीलंकेपर्यंत त्याची वीण होते. थोडक्यात, हा आपल्याच अरबी समुद्राचा पक्षी, आणि तरी आपल्या नोंदवह्यांत त्याचं नाव क्वचित. दोघेही जेमतेम वीतभर लांब, वजन पन्नास ग्रॅमच्या अलीकडे-पलीकडे. आकारावरून काहीही ठरत नाही, त्या नादाला लागू नका.

आता खुणा. पुस्तकं पहिल्यांदा डोकं दाखवतात. लहान सुरयाच्या कपाळावरचा पांढरा रंग डोळ्याच्या वरून निमुळता होत मागे जातो, त्यामुळे पांढरी भुवई दिसते. सॉन्डर्सचा पांढरा रंग डोळ्यापाशी किंवा त्याच्या अलीकडेच थांबतो, भुवई जवळजवळ नाहीच. चित्रात हे फार सोपं वाटतं. पुळणीवर पक्ष्याने मान जराशी तिरकी केली किंवा वाऱ्याने डोक्याची पिसं फुलली की भुवई आहे तशी नाहीशी होते, आणि नसलेली उगवते. त्यामुळे एका फोटोतल्या कपाळावरून निकाल देणाऱ्यांचं मी ऐकत नाही. एकाच पक्ष्याचे बाजूने काढलेले चार-पाच फोटो असतील तर बोलू.

माझी सगळी भिस्त पंखावर. पंखाच्या टोकाकडची बाहेरची काही प्रायमरी, म्हणजे उडायची लांब पिसं दोघांचीही गडद असतात. लहान सुरयाची दोन, कधी तीन, आणि रंग गडद राखाडी. सॉन्डर्सची तीन, कधी चार, आणि ती काळी, पिसांच्या मधल्या दांड्यांसकट काळी. सॉन्डर्सची पाठ जरा जास्त फिकी असते, त्यामुळे पंख उघडला की टोकाला काळी पाचर ठोकल्यासारखी दिसते. लहान सुरयातही गडद भाग दिसतो, पण त्याची कड इतकी करकरीत नसते. जुन्या इंग्रजी पुस्तकांत सॉन्डर्सला 'ब्लॅक-शाफ्टेड' म्हणत, ते याच दांड्यांमुळे.

मग रम्प. पाठ संपून शेपटी सुरू होते तो भाग लहान सुरयात पांढरा आणि सॉन्डर्समध्ये पाठीसारखाच राखाडी. पाय लहान सुरयाचे झगझगीत नारिंगी-पिवळे. सॉन्डर्सचे मळकट, कधी तपकिरी, कधी ऑलिव्हकडे झुकणारे.

हे सगळं फक्त विणीच्या पिसाऱ्यात. हिवाळ्यात दोघांच्या चोची काळ्या होतात, काळी टोपी मागे सरकते, लहान सुरयाचा रम्पही राखाडी पडतो. डिसेंबरात आक्षीच्या पुळणीवर बसलेल्या पक्ष्याला छातीठोकपणे 'सॉन्डर्स' म्हणणाऱ्यांना माझा दंडवत. पक्ष्यांच्या नोंदी ठेवायच्या ईबर्ड या संकेतस्थळावर 'लिटल/सॉन्डर्स' (दोघांपैकी एक) अशी जोडनोंद आहे, तिचा वापर करायला लाज कसली?

पाणलावा
छान धागा! वाचनखूण साठवली. एक बाळबोध शंका. लहान सुरयाची 'कधी तीन' आणि सॉन्डर्सची 'तीन, कधी चार'. मग मला तीनच गडद पिसं दिसली तर मी काय समजायचं?

खाजणकर
तीनवर दोघेही बसतात, म्हणूनच नुसतं मोजून भागत नाही. किती काळं आणि कड किती ठसठशीत, ते बघायचं. दोन असतील तर लहान, चार असतील तर सॉन्डर्स, तीनला बाकीच्या खुणांची साक्ष काढायची.

पिसारा
इथे एक गोष्ट घालतो, कारण माझ्या मते निम्मा घोळ हिच्यामुळे होतो. सुरयाचं नवं पीस येतं तेव्हा त्यावर चंदेरी लव असते. पीस मुळात गडदच असतं, पण त्या लवेमुळे राखाडी दिसतं. ऊन, वारा आणि मिठाचं पाणी खाऊन लव झिजली की खालचा काळा रंग उघडा पडतो. छोट्या सुरयांमध्ये पंखाची आतली पिसं वर्षात एकाहून अधिक वेळा बदलली जातात, बाहेरची मात्र जुनी तशीच राहतात. त्यामुळे जून-जुलैतल्या झिजलेल्या लहान सुरयाच्या पंखावरही नव्या चंदेरी पिसांशेजारी जुनी काळपट पिसं येतात, आणि लोकांना 'सॉन्डर्सची पाचर' दिसते.

म्हणून पिसाची कड बघा. झिजलेलं पीस तपकिरीकडे झुकतं आणि त्याची टोकं कुरतडल्यासारखी असतात. ताज्या पिसाऱ्यातही काळं असेल, तर मग खरं काळं.

पाणलावा
अरे वा, हे कुठल्याच पुस्तकात एवढं सोपं करून वाचलं नव्हतं. म्हणजे फोटो कोणत्या महिन्यातला हेही सांगायला हवं.

पिसारा
महिना, आणि शक्य तर वेळही. दुपारी बाराच्या उन्हातला रम्प हा रम्प नसतो, नुसता उजेड असतो.

भुईगावचा भटक्या
एवढा काथ्याकूट कशाला राव? आमच्या वसईकडे सरळ हिशेब आहे. खाडीत, मिठागरात दिसला तर लहान सुरय, उघड्या समुद्रावर दिसला तर सॉन्डर्स. एवढी पिसं मोजत बसलं तर बाकीचे पक्षी कधी बघायचे?

मस्कतची माई
भटक्याभाऊ, तुमचा हिशेब विणीच्या जागांपुरता थोडाफार चालेल. नदीपात्रात अंड्यांवर बसलेला पक्षी दिसला तर तो सॉन्डर्स नाही, इतपत मीही म्हणेन. उलट बाजूने मात्र तो अजिबात लागू पडत नाही. लहान सुरय समुद्रावर भरपूर असतात. युरोपात तर त्यांची बरीचशी वीण समुद्रकिनाऱ्यावरच्या खडी-वाळूतच होते. भरतीच्या वेळी सगळेच पक्षी मिळेल त्या कोरड्या वाळूवर येऊन बसतात, तिथे कसला खाडीवाला आणि कसला समुद्रवाला.

मी इथे ओमानमध्ये राहते, त्यामुळे सॉन्डर्स माझ्या रोजच्या बघण्यातला. मसिरा बेटावर आणि समोरच्या बर्र अल हिकमानच्या सपाट किनाऱ्यावर त्याची वीण होते. भारतातून आलेले मित्र विचारतात, 'वसाहत कुठे आहे?' त्यांच्या डोळ्यांसमोर शेकडो पक्षी खेटून बसल्याचं चित्र असतं. सॉन्डर्सचं तसं नसतं. दोन घरट्यांमध्ये बरंच अंतर सोडलेलं. घरटं म्हणजे वाळूत पोट घासून केलेला उथळ खळगा, बरेचदा वाऱ्याने साचलेल्या एखाद्या छोट्या उंचवट्यावर, आणि त्यात बहुतेक वेळा दोन अंडी. अंड्यांचा रंग वाळूचा, वर तपकिरी ठिपके. पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत.

रंगाबद्दल खाजणकरांना एक पुरवणी. इथे रोज बघून माझं मत असं झालंय की सॉन्डर्स ओळखताना पहिली नजर पाठ आणि रम्प यांच्यावर जाते. उडून लांब चाललेला पक्षी मागून बघा. लहान सुरयात राखाडी पाठ आणि पांढरी शेपटी यांत सांधा दिसतो. सॉन्डर्समध्ये सांधाच नाही, सगळं एकाच पेल्यातून ओतल्यासारखं फिकं राखाडी.

खाजणकर
माई, तुमच्याकडचा उजेड आणि आमच्याकडचा मेमधला दमट, पांढुरका उजेड यांत फरक आहे. कोकणात मागून बघितलेला प्रत्येक सुरय मला पांढऱ्या शेपटीचाच दिसतो.

मस्कतची माई
मस्कतला जुलैत येऊन बघा एकदा, मग दमट म्हणजे काय ते बोलू.

नॉरफोकचा नाना
रम्पवरून एक किस्सा. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर राय हार्बर नावाची जागा आहे. तिथे लहान सुरयांच्या वसाहतीत १९८३ साली एक पक्षी आला. दिसायला इतरांसारखाच, पण आवाज निराळा, चिरका. नीट बघितल्यावर रम्प राखाडी निघाला. तो होता अमेरिकेचा लीस्ट टर्न, अटलांटिक ओलांडून आलेला. पुढे १९९२ पर्यंत तो उन्हाळ्यात तिथेच परत येत राहिला. अमेरिकेच्या या पक्ष्याला लोक वर्षानुवर्षं लहान सुरयाचीच उपजात मानत आले होते. तो कानांमुळे सापडला, दुर्बिणीने नंतर शिक्कामोर्तब केलं.

तेव्हा माझा प्रश्न: आपल्या किनाऱ्यावर आवाज का ध्वनिमुद्रित करत नाही कोणी? फोन तर सगळ्यांच्या खिशात असतो.

पिसारा
लीस्टचा आवाज लहान सुरयापेक्षा स्पष्ट वेगळा आहे, म्हणून तिथे काम झालं. लहान आणि सॉन्डर्स यांच्या बाबतीत केवळ आवाजावरून निकाल देण्याची माझी छाती नाही. पण मुद्रण करून ठेवायला हरकत काय, नाना म्हणतात ते बरोबर. फोटोसोबत आवाज असेल तर उत्तमच. नाहीतरी पुळणीवर निम्मं मुद्रण वाऱ्याचंच होतं.

जुनी पानं
खुणांत मला फार गती नाही, पण नावांचा इतिहास सांगतो. सॉन्डर्सच्या सुरयाचं वर्णन अॅलन ऑक्टेव्हियन ह्यूमने १८७७ साली त्याच्याच 'स्ट्रे फेदर्स' या नियतकालिकात केलं, कराचीच्या पक्ष्यांवरून. हाच तो काँग्रेसवाला ह्यूम. शिमल्यातल्या आपल्या बंगल्यात त्याने पक्ष्यांच्या कातड्यांचा प्रचंड संग्रह केला होता. तो संग्रह १८८५ साली ब्रिटिश म्युझियमकडे गेला, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात मुंबईच्या गोकुळदास तेजपाल संस्कृत कॉलेजात काँग्रेसचं पहिलं अधिवेशन भरलं.

हॉवर्ड सॉन्डर्स हा इंग्लंडमधला कुरव (गल) आणि सुरयांचा त्या काळचा मोठा जाणकार. ह्यूमने त्याचं नाव या पक्ष्याला दिलं. पुढे १८९६ साली ब्रिटिश म्युझियमच्या पक्षिसूचीचा जो खंड निघाला, त्यातला कुरव-सुरयांचा भाग खुद्द सॉन्डर्सने लिहिला. म्हणजे स्वतःचं नाव असलेला पक्षी त्याला स्वतःच सूचीत टाकावा लागला असणार. गंमत वाटते.

लहान सुरयाचं नामकरण त्याच्या शंभरेक वर्षं आधी, १७६४ साली, पालासने केलं. दोघेही बरीच वर्षं स्टर्ना या मोठ्या प्रजातीत होते. २००५ मध्ये सुरयांच्या मायटोकॉन्ड्रियल डीएनएचा अभ्यास झाला आणि त्यानंतर सगळ्या पिटुकल्या सुरयांना स्टर्न्युला या जुन्या नावाखाली वेगळं काढलं. या प्रजातीत आज जगभरात सात जाती आहेत.

खाजणकर
कातड्यांचा विषय निघालाच आहे तर: संग्रहालयातल्या कातडीचे पाय बघून पायांचा रंग ठरवायला जाऊ नका. मेल्यावर चोच आणि पाय यांचा रंग उडतो. म्हणूनच जुने संग्राहक ताज्या पक्ष्याच्या पायांचा रंग चिठ्ठीवर लिहून ठेवत.

रेवदंड्याचा बाळ
सर्वांना नमस्कार. पहिल्यांदाच लिहितोय. मेच्या दुसऱ्या आठवड्यात रेवदंड्याच्या पुळणीवर काढलेले तीन फोटो चढवलेत. पहिल्या दोनांत पक्षी बसलाय, तिसऱ्यात उडताना वरची बाजू दिसतेय. पाय वाळूत आहेत, दिसत नाहीत. कपाळाचा पांढरा रंग डोळ्याच्या पुढेच थांबलाय असं मला वाटतं. जाणकारांनी सांगावं.

पिसारा
बाळ, स्वागत. तिसरा फोटो सोन्यासारखा आहे. बाहेरची तीन पिसं काळी, कड ताजी आणि सरळ, झिजलेली नाहीत. म्हणजे मी वर सांगितलेली पळवाट इथे लागू नाही.

मस्कतची माई
सॉन्डर्स. कपाळ दोन्ही फोटोंत सारखंच दिसतंय, मान वेगळ्या कोनात असूनही.

खाजणकर
थांबा, माई. रम्प बघा, पांढरा फटक दिसतोय. बाळ, फोटो जरा जास्त उजळ आलाय. शेपटीच्या बाजूची वाळूसुद्धा पांढरी पडलीय. तुझ्याकडे रॉ फाईल, म्हणजे कॅमेऱ्यातली मूळ फाईल, आहे का? असेल तर उजेड कमी करून फक्त पाठ ते शेपटी एवढा भाग कापून टाक.

रेवदंड्याचा बाळ
हो, आहे. उजेड बराच खाली आणून चौथा फोटो चढवला. आता शेपटीच्या मधल्या पिसांवर हलकी राखाडी छटा दिसतेय, कडेची पिसं पांढरी आहेत.

मस्कतची माई
झालं की मग.

खाजणकर
नाही झालं. एवढा उजेड खाली आणला की पांढऱ्या कपड्यालाही राखाडी छटा येते. त्याच फोटोत पोटाचा पांढरा रंग किती राखाडी झालाय तेही बघायला हवं, आणि पोट सावलीत आहे. पिसांच्या दांड्या दिसाव्यात इतका तो फोटो जवळून नाही. पाय नाहीत. कपाळ आणि पंख सॉन्डर्सकडे बोट दाखवतात हे मान्य, पण रायगडच्या नोंदीत नाव घालायला मला एवढ्यावर धीर होत नाही. मी 'लिटल/सॉन्डर्स' लिहून शेऱ्यात सगळं सविस्तर टाकेन.

मस्कतची माई
तुम्ही वकिली पेशात आहात का हो? सगळ्या खुणा एकाच दिशेला जात असताना एकेका खुणेला स्वतंत्र उलटतपासणी घेत बसायचं नसतं. कपाळ दोन कोनांतून, पंख ताज्या पिसाऱ्यात, रम्पवर राखाडी छटा. यातली एक खूण फसवेल, तीनही एकदम कशा फसवतील? मी सॉन्डर्सच म्हणणार. तुमच्यासारखे सगळेच जोडनोंद करत राहिले तर महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर हा पक्षी किती येतो ते कधीच कळायचं नाही.

पिसारा
माईंचा शेवटचा मुद्दा वजनदार आहे. पण चुकीची नोंद एकदा यादीत गेली की तिच्या आधाराने पुढच्या चुकीच्या नोंदी होतात, हेही पाहिलंय. माझं मत: बाळने फोटो नोंदीला जोडावेत, नाव काहीही निवडावं. फोटो असला की दहा वर्षांनीही तपासता येतं.

पाणलावा
विषयाला थोडं सोडून विचारते. एखाद्या पुळणीवर यांचं घरटं सापडलं तर फोटो काढावा की नाही?

नॉरफोकचा नाना
माझ्या मते नाही, निदान जवळ जाऊन तर नाहीच. आमच्याकडे विंटरटनच्या वाळूवर लहान सुरयांच्या वसाहतीला उन्हाळ्यात कुंपण घालतात, कोल्ह्यांसाठी त्यात वीजही सोडतात, आणि राखणदार बसतात. तरीही कधी खरूची (केस्ट्रेल, छोटा शिकारी पक्षी) येऊन पडतो, कधी भरतीचं पाणी चढतं आणि सगळी वीण वाया जाते. एवढा पहारा असून ही गत, तर मोकळ्या पुळणीवर काय होत असेल?

मस्कतची माई
उन्हाचं विसरू नका. मे-जूनमध्ये वाळू इतकी तापते की आई-बाप उठून गेले तर अंडी थोड्याच वेळात शिजतील. हे छोटे सुरय समुद्रावर जाऊन पोटाची पिसं भिजवून येतात आणि ओल्या पोटाने अंड्यांवर बसतात. तुम्ही चांगला कोन शोधत दहा मिनिटं तिथे उभे राहिलात तर तेवढा वेळ पक्षी तुमच्या डोक्यावर ओरडत घिरट्या घालणार आणि अंडी उन्हात उघडी पडणार. शिवाय तुमच्या पावलांमागे कुत्री आणि कावळे येतात ते वेगळंच.

खाजणकर
आणि जागेचं नाव कुठेही लिहू नका, इथेही नको. पुळणीवर जीप आणि दुचाक्या फिरवणाऱ्यांना तर घरटं आहे याचा पत्ताही नसतो. स्थानिक वनखात्याला कळवा, तेवढं पुरे.

भुईगावचा भटक्या
हे मात्र पटलं. पिसांचं अजून पटलेलं नाही.

रेवदंड्याचा बाळ
सगळ्यांचे आभार. नोंद खाजणकर काकांच्या पद्धतीने केली आणि शेऱ्यात माईंचं मतही लिहिलं. या शनिवारी पुन्हा जाणार आहे. पाय आणि पंखाची वरची बाजू एकाच वेळी कशी मिळवायची?

खाजणकर
भरतीच्या तासभर आधी पोहोच, पक्षी तेव्हा वर कोरड्या वाळूत येऊन बसतात. घोळक्यापासून लांबच बस आणि हालू नकोस, तेच जवळ येतील. सुरय वाऱ्याला तोंड करून उतरतो, म्हणून वारा तुझ्या डाव्या किंवा उजव्या हाताला राहील असा बस. उतरताना पाय खाली सोडतो, तेव्हा त्यांचा रंग मिळेल. पंखाची वरची बाजू हवी असेल तर तो वळण घेऊन तिरका होतो त्या क्षणी. शटर दोन हजारांच्या वर ठेव आणि एक्सपोजर एक घर खाली आण. फोटो घरी काळपट दिसले तरी चालतील, रम्प तेवढा जळू देऊ नकोस.